रात्रीचा लँडमार्क उंचावरून टिपायचाय? मग उजेडातच वर पोचा

शहरातला एखादा मनोरा, घुमट, पूल, उंच इमारत, जी काही त्या शहराची ओळख असेल ती, रात्री दिव्यांनी उजळलेली असताना उंचावरून टिपायची म्हणजे काळोख पडल्यावरच वर जायचं असं बहुतेकांना वाटतं. तसं करू नका. पार काळ्या आकाशात इमारतीचं टोक कुठं संपतं तेच कळत नाही, दिवे पडलेला भाग पांढराफटक, बाकी सगळा काळा डाग, आणि मग घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढाताण केली तरी फोटोत जीव येत नाही. जे रात्रीचे फोटो बघून आपण थबकतो त्यातले बरेचसे खरं तर संध्याकाळचेच असतात, सूर्य मावळून वीसेक मिनिटं झालेली, दिवे लागलेले आणि आकाशात गडद निळा रंग अजून शिल्लक, अशा वेळचे. सगळी तयारी त्या थोड्या मिनिटांसाठी करायची, बाकी सेटिंग वगैरे त्यामागून येतं.

होतं काय बघा. इमारतीवरचे दिवे एकदा लागले की त्यांचा उजेड तेवढाच राहतो, आकाशाचा मात्र भराभर उतरत जातो. सूर्यास्ताला मोकळ्या जागी साधारण ४०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तोच ३-४ लक्सवर येतो, म्हणजे जवळपास ७ स्टॉपची घसरण (एक स्टॉप उतरला म्हणजे उजेड निम्मा झाला). विषुववृत्ताजवळच्या देशांत हे सगळं २०-२५ मिनिटांत उरकतं, म्हणजे दर साडेतीन मिनिटांना एक स्टॉप गेला म्हणून समजा. पॅरिस-लंडनकडे उन्हाळ्यात सूर्य तिरका मावळतो त्यामुळे तिथे ४० मिनिटांच्या वर मिळतात. या घसरणीत मधे एक टप्पा असा येतो की आकाश आणि उजळलेली इमारत दोन्ही एकाच एक्सपोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात तेवढाच उजेड घेऊन, नीट बसतात, साधारण सूर्य ४ ते ८ अंश खाली असताना. हाच तो ब्लू अवर.

तो निळा रंग येतो कुठून तेही सांगतो कारण मला ते फार भारी वाटतं. त्या वेळी सूर्याचा उजेड वातावरणातून खूप लांबचा तिरका प्रवास करून आपल्यापर्यंत येतो आणि वाटेत ओझोनचा थर त्यातला नारिंगी-तांबडा भाग शोषून घेतो, उरतो तो निळा. एडवर्ड हल्बर्ट या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे सूर्यास्ताला लाल-केशरी काहीच झालं नाही म्हणून लोक निराश होऊन खाली उतरतात ना, त्यांच्या मागोमाग तुम्ही उतरू नका, निळा रंग त्यानंतर येतोच, पातळ ढग असले तरी येतो.

आता दिशा. सूर्य मावळला ती बाजू जास्त वेळ उजळ राहते, समोरची पूर्व बाजू लवकर विझते. म्हणजे तुम्ही उभे आहात तिथून लँडमार्क पूर्वेला असेल तर बरोबर वेळ लवकर येणार आणि लवकर जाणार, पश्चिमेला असेल तर दहाएक मिनिटं उशिरा येणार पण क्षितिजाजवळ पिवळसर-नारिंगी पट्टा आणि वर निळा असा सुंदर उतार मिळणार. मला स्वतःला पश्चिमेकडचंच आवडतं. उत्तर-दक्षिण असेल तर आकाश एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद दिसतं, वाइड लेन्सला ते जास्त जाणवतं, तेव्हा तिथे जरा लांब फोकल लेंथ, म्हणजे थोडाच भाग जवळ आणून दाखवणारी लेन्स, घेतलेली बरी. पहाटे पण ब्लू अवर असतो, हवा स्वच्छ आणि शांत असते, पण ऑफिसांतले दिवे बंद, रस्त्यावर गाड्या कमी आणि कित्येक ठिकाणी इमारतीवरची रोषणाईसुद्धा तेव्हा बंद असते, त्यामुळे शहर जागं दिसायला हवं असेल तर संध्याकाळच.

जागा निवडताना पहिली साधी गोष्ट, जी ऐकायला अगदीच उघड वाटते पण लोक विसरतात: ज्याचा फोटो काढायचाय त्याच्यावर चढू नका. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून न्यूयॉर्क छान दिसतं पण त्या फोटोत एम्पायर स्टेटच नसते, ती हवी तर रॉकफेलर सेंटरच्या टॉप ऑफ द रॉक या गच्चीवर जावं लागतं. पॅरिसचंही तेच, आयफेल टॉवरच्या टोकावरून काढलेल्या पॅरिसमध्ये आयफेल टॉवर कुठून येणार, त्यापेक्षा आर्क द त्रिऑंफच्या गच्चीवर जा, ती ५० मीटर उंच आहे आणि तिथून टॉवर छान दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ही कुणी फारशी सांगत नाही. मोकळ्या प्रदेशात क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. तुम्ही जमिनीवर असा नाहीतर सत्तराव्या मजल्यावर, समोरच्या इमारतीचा जो भाग तुमच्या उंचीच्या वर आहे तोच क्षितिजाच्या वर आकाशात दिसणार, बाकीचा सगळा खालच्या शहरात मिसळणार. टॉप ऑफ द रॉक साधारण २६० मीटरवर आहे आणि एम्पायर स्टेटचं छत ३८१ मीटरवर, त्यामुळे तिचा वरचा तिसरा हिस्सा आणि अँटेना निळ्या आकाशात उठून दिसते आणि खालचा भाग शहरात रुतलेला दिसतो, म्हणूनच तो व्ह्यू इतका जमून येतो. उलट हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पीकवरची ती प्रसिद्ध गच्ची समुद्रसपाटीपासून ४२८ मीटरवर आहे आणि समोरच्या किनाऱ्यावरची आयसीसी (इंटरनॅशनल कॉमर्स सेंटर) ही इमारत ४८४ मीटर, म्हणजे तेवढी एक इमारत सोडली तर जवळपास सगळं तुमच्या खालीच. तिथे एकट्या इमारतीचा फोटो काढायला जाऊ नये, तिथे बंदर, बोटी आणि दिव्यांची दाटी हाच विषय. तर जास्तीत जास्त उंच जायचा हट्ट सोडा. लँडमार्कच्या उंचीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतची उंची मला सगळ्यात कामाची वाटते, टोक आकाशात राहतं आणि पायथ्याचे रस्तेही दिसतात. इमारत बुटकी आणि पसरट असेल, म्हणजे एखादा राजवाडा, स्टेशन, स्टेडियम, तर मात्र ती आकाशात जाणार नाहीच, तिथे जास्त उंचीवरून तिचा आकार आणि भोवतालचे रस्ते हाच फोटो.

अशा मधल्या उंचीचा अजून एक फायदा म्हणजे कॅमेरा वर-खाली वाकवावा लागत नाही. कॅमेरा वर वाकवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, खाली वाकवला की खालच्या बाजूला. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करा, कॅमेरा सरळ धरा, थोडं जास्त वाइड घ्या आणि नको असलेला भाग नंतर कापा, ते रेषा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करत बसण्यापेक्षा चांगलं, कारण तिथे सरळ करताना कडेचं बरंच काही कापलं जातं आणि इमारत ताणल्यासारखी होते.

कुठली लेन्स न्यायची याचा हिशोब घरी बसून करता येतो. फोकल लेंथ गुणिले इमारतीची उंची भागिले अंतर, एवढंच. समजा २०० मीटरचा मनोरा दीड किलोमीटरवर आहे आणि लेन्स १०० मिमी, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा १३ मिमीच्या आसपास येते. फुल फ्रेम सेन्सर २४ बाय ३६ मिमीचा असतो म्हणजे आडव्या फ्रेममध्ये मनोरा अर्ध्याहून थोडा जास्त, उभ्या फ्रेममध्ये एक तृतीयांशाच्या थोडा वर. छान आकार आहे. उंची आणि अंतर नकाशावरून काढा आणि दोन-तीन जागांची तुलना करून बघा, वर गेल्यावर लेन्स कमी पडली असं होणार नाही. फार लांबची जागा मात्र टाळा, दोन-तीन किलोमीटरच्या पुढे मधली धूळ आणि धुरकं कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतं, शिवाय दिवसभर तापलेली छपरं संध्याकाळी उष्णता सोडत असतात त्यामुळे लांब लेन्समधून सगळं थरथरतं, ते कितीही महागड्या लेन्सने जात नाही. पाऊस पडून आकाश उघडलं असेल तर त्या संध्याकाळी बाकी कामं बाजूला ठेवून जा, हवा धुतलेली असते आणि ओल्या रस्त्यांवर दिव्यांची प्रतिबिंबं मिळतात.

वर किती वाजता पोचायचं? सूर्यास्ताच्या तासभर आधी. व्ह्यूइंग डेकवर रांगा असतात, कठड्याजवळची जागा मिळायला वेळ लागतो, आणि उजेड असतानाच फ्रेम लावून घ्यायची असते. कुठली क्रेन मधे येतेय, कुठला होर्डिंगचा दिवा डोळ्यात खुपणार आहे, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कापायची का ठेवायची, हे सगळं उजेडात ठरतं. एकदा फ्रेम ठरली की कॅमेरा हलवायचा नाही, याचं कारण पुढे येईल. आधी दोन गोष्टी तपासून निघा, ट्रायपॉड चालतो का आणि रोषणाई किती वाजता लागते-बंद होते. मोठ्या डेकवर ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी बंदी असते, टॉप ऑफ द रॉकवर पण नाही चालत. दिव्यांच्या वेळा तर बदलत असतात, आयफेल टॉवर २०२२ च्या वीज बचतीत रात्री पावणेबाराला विझायला लागला, हाँगकाँगचा लाइट शो रोज रात्री ८ ला असतो.

खासगी इमारतीच्या गच्चीवरून काढणार असाल तर सोसायटीची किंवा मालकाची परवानगी आधी घ्या, कठड्यावर चढायचं नाही, कठड्याबाहेर वाकायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. आणि वस्तू पडण्याचं भान ठेवा, लेन्स कॅप असो, हूड असो, फिल्टर असो, इतक्या उंचीवरून खाली कुणाच्या डोक्यात पडलं तर जीव जाऊ शकतो. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवलेला किंवा गळ्यात असलाच पाहिजे, ट्रायपॉडवर असताना पट्टा कठड्याला बांधून टाका. लेन्स बदलायची तर कठड्यापासून मागे येऊन, बॅग जमिनीवर ठेवून.

डेक बंद काचेचा असेल तर खरी लढाई काचेशी असते. बाहेर उजेड आहे तोवर काच जाणवत नाही, अंधार वाढला की आतले दिवे, लोकांचे कपडे, फोनचे स्क्रीन, एक्झिटची हिरवी पाटी सगळं काचेत उमटायला लागतं. उपाय एकच, लेन्स आणि काच यांच्यामधे आतला उजेड शिरू द्यायचा नाही. रबरी हूड काचेला घट्ट टेकवा, कडक प्लॅस्टिकचा हूड नको कारण तो जरा तिरका झाला की फट राहते आणि काचेचा कंपही थेट लेन्सला येतो. रबरी हूड नसेल तर काळं जॅकेट किंवा काळा स्कार्फ लेन्सभोवती गुंडाळून काचेला लावा. कॅमेरा शक्यतो काचेला काटकोनात ठेवा, तिरकं बघितलं की दुहेरी काचेत प्रत्येक दिव्याची जुळी प्रतिमा दिसते. पोलरायझर फिल्टरने रिफ्लेक्शन जातं असं सांगतात पण ते तिरक्या कोनाला, साधारण ५५ अंशांच्या आसपास, समोरासमोर काचेला टेकल्यावर त्याचा काही उपयोग नाही आणि दीड-दोन स्टॉप उजेड मात्र जातो, सरळ काढून ठेवा. यूव्ही फिल्टर पण काढा, रात्री प्रत्येक तेजस्वी दिव्याचं हिरवट भूत फ्रेमच्या विरुद्ध बाजूला उमटतं ते बहुतेक वेळा त्याचंच असतं. काच आधी पुसून घ्या, समोरच्या माणसाच्या बोटांचे ठसे दिव्यांभोवती धुकं तयार करतात. स्वतः गडद कपडे घाला आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा. जिथे वरच्या मजल्यावर उघडी गच्ची आहे तिथे थंडी-वारा सोसून गच्चीवरच जा, काचेपेक्षा वारा परवडला.

आता सेटिंग. ट्रायपॉड असेल तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) एफ ८, आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) आकाश उतरेल तसं वाढवत जायचं. दिवे नुकतेच लागलेले असतात तेव्हा अर्धा-एक सेकंद पुरतो, नेमक्या ब्लू अवरमध्ये ४ सेकंदांच्या आसपास, पुढे १०-१५ पर्यंत जातं. मॅन्युअल मोड वापरा, ऑटोमध्ये कॅमेरा काळा भाग बघून सगळंच उजळ करायला जातो आणि इमारत फुटते, म्हणजे तपशील जाऊन पांढरीफटक होते. एफ ८ का तर बहुतेक लेन्स तिथे कडेपर्यंत तीक्ष्ण असतात. दिव्यांना ताऱ्यासारखे किरण हवे असतील तर एफ ११ पर्यंत जा, एफ १६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ पडतं. किरण किती येणार ते ॲपर्चरच्या ब्लेडवर, म्हणजे पात्यांवर आहे, ब्लेड सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे ९ ब्लेडच्या लेन्सला १८.

शटर कुठवर वाढवायचं ते इमारतीवरच्या दिव्यांवरून ठरवायचं, आकाशावरून नाही. स्क्रीनवर फोटो कसा दिसतोय त्यावर जाऊ नका, अंधारात स्क्रीन नेहमी उजळच वाटतो, हिस्टोग्राम (काळं डावीकडे, उजळ उजवीकडे दाखवणारा आलेख) बघा आणि हायलाइट वॉर्निंग (फुटलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवा. रस्त्यावरचे दिवे लुकलुकले तर चालतं, ते फुटणारच, पण इमारतीची भिंत लुकलुकली की एक्सपोजर कमी करा. आणि रंगीत एलईडी असतील तर इथे जरा थांबून बघा. समजा घुमट निळ्या दिव्यांत उजळलाय. एकच हिस्टोग्राम बघितला तर तो म्हणतो अजून बरीच जागा आहे, कारण लाल आणि हिरवा चॅनल जवळपास रिकामेच आहेत, पण तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम उघडलात तर निळा चॅनल उजव्या भिंतीला कधीच चिकटलेला दिसेल. फोटोत मग घुमटाचे दगड, कमानी, कोरीव काम काहीच दिसत नाही, नुसता एक सपाट निळा डाग, आणि फाइल रॉ (सेन्सरचा सगळा मूळ डेटा ठेवणारी) असली तरी गेलेला तपशील परत येत नाही. तेव्हा रंगीत रोषणाईत तीन रंगांचा हिस्टोग्राम बघून एक-दीड स्टॉप कमीच ठेवा, लाल आणि जांभळ्या रोषणाईला तर नक्कीच.

चमचमणाऱ्या दिव्यांचं वेगळं. आयफेल टॉवरवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं २०,००० दिवे लुकलुकतात. तेव्हा दहा सेकंदांचं शटर ठेवलं तर त्या वेळात जवळपास सगळेच दिवे एकदा तरी लागून जातात आणि टॉवर नुसता पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो, चमचम दिसतच नाही. त्यासाठी शटर अर्ध्या सेकंदाच्या आत आणा आणि आयएसओ वाढवा.

फोकस उजेड आहे तोवरच इमारतीच्या एखाद्या ठळक कडेवर करून घ्या आणि लगेच मॅन्युअलवर टाका. अनंताच्या खुणेपर्यंत रिंग फिरवून सोडून देऊ नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून एखाद्या खिडकीची चौकट बघा, ती कापल्यासारखी दिसली की झालं. थंडी वाढली किंवा झूम हलला तर परत तपासा.

हलणं टाळायला दोन सेकंदांचा टायमर पुरतो, रिमोट असेल तर उत्तम. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, वारा असेल तर पाय पसरून खाली बसवा आणि शरीराने आडोसा करा. बॅग दांडीला लटकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी, झुलणारी बॅग वाऱ्यात उलट ट्रायपॉडलाच हलवते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद ठेवलेलं सुरक्षित, विशेषतः जुन्या लेन्सला. उड्डाणपूल किंवा पादचारी पुलावरून काढत असाल तर ट्रक गेला, माणसं धावली की पूल थरथरतो, ते पायांना कळतं, तो कंप थांबला की शटर दाबा. चार-चार सेकंदांचे पाच-सहा फोटो काढले की त्यातला एक तरी स्थिर निघतो. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन मात्र बंद करा, प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ परत काळी फ्रेम घेत बसतो आणि ब्लू अवरमधली निम्मी मिनिटं तिथेच जातात.

ट्रायपॉडला बंदी असेल तर हातात किंवा कठड्यावर टेकवून पण जमतं. वर सांगितलेले एफ ८, ४ सेकंद, आयएसओ १०० म्हणजेच एफ २.८, आयएसओ १६०० आणि एक तीसांश सेकंद, उजेड तेवढाच. लांबची इमारत आहे, सगळं जवळपास एकाच फोकसमध्ये आहे त्यामुळे एफ २.८ ने काही बिघडत नाही. इथे स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, कोपरं अंगाला लावा, कंटिन्युअस मोडवर एका वेळी पाच-सहा फोटो घ्या, मधले जास्त स्थिर येतात कारण बोट दाबण्याचा आणि सोडण्याचा धक्का पहिल्या आणि शेवटच्यात जातो. कठडा रुंद असेल तर वाळू किंवा धान्य भरलेली छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवा, पट्टा हातात हवाच.

फोनवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, ब्लू अवरमध्ये फोनचा नाइट मोड खरोखर चांगलं काम करतो कारण आकाशात उजेड असतो. मेन लेन्स वापरा, डिजिटल झूम नको, फोन काचेला टेकवा किंवा कठड्याला दाबून धरा, इमारतीवर बोट दाबून ठेवून फोकस-एक्सपोजर लॉक करा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा. फ्लॅश बंद, तो समोरच्या इमारतीपर्यंत पोचत नाही आणि काचेत परतून सगळा फोटो घालवतो. फोन स्टँडवर पूर्ण स्थिर असला तर बरेच फोन आपणहून जास्त सेकंदांचा नाइट मोड देतात.

आता कॅमेरा हलवू नका म्हटलं होतं त्याचं कारण. दिवे लागायच्या आधीपासून आकाश काळं होईपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी त्याच फ्रेमचा एकेक फोटो घेत राहा. कित्येकदा रोषणाई उशिरा लागते, ती लागेपर्यंत आकाश थोडं जास्तच उतरलेलं असतं, अशा वेळी आधीच्या फोटोतलं आकाश आणि नंतरच्या फोटोतली इमारत थरावर थर ठेवून जोडता येते, फ्रेम तंतोतंत जुळत असेल तरच. तसंच गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर आकाश काळं झाल्यावरचे १५-२० सेकंदांचे बरेच फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमधल्या लायटन मोडने (यात प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ भागच राहतो) एकावर एक ठेवा, एकाच लांबलचक एक्सपोजरपेक्षा यात इमारत फुटत नाही. रंग उजळवून फोटो खोटा वाटेल इतकं करू नका असं माझं मत, आकाश आणि दिवे एकाच संध्याकाळचे वाटले पाहिजेत.

चंद्र हवा असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा बघा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो, आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या बऱ्यापैकी आधी, त्यामुळे ब्लू अवरला तो थोडा वर आलेला असतो. चंद्राचा आकार आकाशात अर्धा अंश, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या ११५ पट अंतरावर उभं राहिलात तर चंद्र इमारतीएवढा दिसतो, १०० मीटरच्या इमारतीला साडेअकरा किलोमीटर. तेवढं लांब जाणं बऱ्याचदा शक्य नसतं, पण अर्ध्या अंतरावर तो इमारतीच्या अर्धा दिसतो, तेही पुष्कळ झालं. चंद्र नेमका इमारतीमागून कुठल्या दिवशी येणार ते फोटोपिल्ससारख्या ॲपवर आधी बघता येतं. लांब लेन्सवर शटर सेकंदाच्या आतच ठेवा, नाहीतर चंद्र सरकलेला दिसतो.

घरी आल्यावर पहिलं काम व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या निळसर-पिवळसर रंगांचा तोल), म्हणूनच रॉ हवं. ३२०० ते ४००० केल्विनच्या मधे फिरवून बघा, खाली गेलात की आकाश जास्त निळं आणि दिवे पांढरे, वर गेलात की दिवे सोनेरी. जुन्या सोडियम दिव्यांच्या रस्त्यांचा नारिंगी रंग पूर्ण पांढरा करायला जाऊ नका, कमी दाबाच्या सोडियम दिव्यात जवळपास एकाच रंगाचा उजेड असतो, त्यात दुसरा रंग नसतोच तर काढणार कुठून, तिथे फक्त नारिंगीचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. शॅडो फार वर ओढू नका, काही काळं राहिलं तरच रात्र वाटते.

फोटो स्वतःजवळ ठेवायचा, मित्रांना दाखवायचा तर काही प्रश्न नाही, पण विकायचा किंवा जाहिरातीत द्यायचा असेल तर त्या वास्तूचे नियम आधी वाचा. आयफेल टॉवरच्या बांधकामावर आता कुणाचा कॉपीराइट राहिलेला नाही, पण त्यावरची रात्रीची रोषणाई १९८५ ची आहे आणि तिच्या व्यावसायिक वापराला टॉवर चालवणारी कंपनी परवानगी मागते, दिवसाच्या फोटोला तो प्रश्न येत नाही.